खणातला लाल चष्मा

खण उघडायच्या दिवशी आबा सकाळी सातलाच दुकानात उतरले, शटर अर्धं वर केलं आणि चिठ्ठी लिहायला बसले. दहा वाजले तरी चिठ्ठी काही होईना. पहिलीत थापा जास्त झाल्या होत्या, दुसरीत रडगाणं. तिसरीत त्यांनी पापणीच्या रचनेवर अशा चार भारदस्त ओळी लिहिल्या होत्या की वाचणाऱ्याला वाटावं, चूक पापणीचीच होती. चौथी फाडताना ते स्वतःशीच म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! चव्वेचाळीस वर्षं लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावलीस आणि स्वतःवर वेळ आली तर तुला एक ओळ लिहवेना."

खणाची चाल आबांच्या वडिलांनी पाडलेली. दुकानातल्या काचेच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण चुकलेल्या चष्म्यांचा. चष्मा कुणाचा, चूक काय, केली कुणी, एवढं ज्याची चूक त्यानंच स्वतःच्या हातानं लिहायचं आणि चिठ्ठी चष्म्याला बांधून खणात टाकायची. मग वर्षातून एकदा, दुकान सुरू झालं त्या तारखेच्या जवळच्या रविवारी, खण उपसून वरच्या मजल्यावर न्यायचा, जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि सगळ्यांसमोर चिठ्ठ्या मोठ्यानं वाचायच्या. गिऱ्हाइकापुढे मान खाली घालण्यापेक्षा घरच्यांपुढे घातलेली बरी, असा वडिलांचा हिशेब.

गेली एकोणीस वर्षं त्या खणात आबांची एकही चिठ्ठी नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना भयंकर माज होता. मुलाच्या मात्र दरवर्षी दोन-तीन असायच्याच. "वाचा चिरंजीव, जरा मोठ्यानं वाचा, मागच्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे," असं आबा म्हणत, आणि चाळिशीला आलेला तो बाप्या मान खाली घालून वाचत असे. यंदा चिरंजीवांची एकच चिठ्ठी होती. दुसरी आबांची व्हायची होती, आणि ती होत नव्हती.

लाज वाटण्याचं दुःख होतंच, पण खरी धाकधूक वेगळी होती. उद्या सोमवारी डॉक्टर मुंगीचा डावा डोळा पुन्हा तपासणार होत्या. तो डोळा पूर्वीसारखा पाहतोय की आबांच्या हुशारीपायी कायमचा मागे पडलाय, हे उद्या कळायचं होतं.

मुंगी म्हणजे आबांची सात वर्षांची नात. चालायला लागली तेव्हा भिंतीच्या कडेकडेनंच चालायची, म्हणून मुंगी. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी तिच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर बारीकशी गाठ दिसली आणि दूध संपेपर्यंत त्या गाठीबद्दल घरात चार मतं तयार झाली.

"डास चावलाय," मुलगा म्हणाला. त्याला दुकान उघडायची घाई होती.

"डास कसला? रांजणवाडी आहे ती," अक्का म्हणाल्या. अक्का आबांच्या थोरल्या बहीण. मुलींच्या शाळेत शिवण शिकवण्यात जन्म गेला. वय शहात्तर, पण सुईत दोरा बिनचष्म्याचा ओवते, हे त्या दिवसातून एकदा तरी ऐकवत, आणि तेही दुकानातल्या खुर्चीत बसून, गिऱ्हाइकांच्या देखत. "स्वच्छ बोटानं दाबली की सुटेल. आण इकडे पोरीला."

"आत्या, हात नका लावू," सून म्हणाली. सून लिफ्ट तपासायच्या नोकरीत. शहरातल्या निम्म्या लिफ्टमधल्या कागदांवर तिची सही. "समोरच तर डॉक्टर आहेत. दाखवून येते."

आता इथे एखादा शहाणा माणूस म्हणाला असता, जा बाई, दाखवून ये. आबा गिऱ्हाइकांना रोज तेच म्हणत. पापणी सुजलेली दिसो, डोळा लाल दिसो, आबांचं ठरलेलं वाक्य होतं, "आधी रस्ता ओलांडा, डॉक्टरांना दाखवा, मग माझ्याकडे या." त्याच आठवड्यात त्यांनी दोघांना असं पिटाळलं होतं. पण घरचा डोळा म्हटल्यावर आबांच्या अंगात काहीतरी संचारलं.

"चष्मेवाल्याची नात डोळ्यासाठी दुसऱ्याच्या दारात?" ते म्हणाले. "लोक हसतील. भिंग आणा माझं."

भिंग आलं. आबांनी मुंगीची हनुवटी वर केली, पापणीकडे निरखून पाहिलं, दोनदा 'हं' केलं आणि जाहीर केलं, "दोन दिवसांत जाईल. कुणी दाबायची नाही." दाबायची नाही, हे एवढं मात्र बरोबर होतं. पुढे सगळं अंगाशी आलं तेव्हा हे एक वाक्य आबा पदकासारखं छातीवर लावून फिरले.

"बाबा, मी दोर बघितल्याशिवाय लिफ्टवर सही करत नाही," सून म्हणाली.

"अगं, लिफ्टला पापणी नसते," आबा म्हणाले. या उत्तरावर ते स्वतः दिवसभर खूश होते. बाकी कुणी हसलं नव्हतं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

दोन दिवसांचे पंधरा दिवस झाले. गाठ दुखत नव्हती, लाल नव्हती, पण वाटाण्याएवढी होऊन जागच्या जागी बसली होती. सून रोज डॉक्टरांचं नाव काढी आणि आबा रोज म्हणत, जिरलीच आता. मग सुनेला दहा दिवसांसाठी दुसऱ्या गावी लिफ्ट तपासायला जावं लागलं. जाताना तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "हिला समोर दाखवून आण." नवऱ्यानं मान हलवली होती. तो दोन्ही बाजूंना मान हलवणारा माणूस. बायकोला हो म्हणाला आणि बापाला नाही म्हणू शकला नाही.

त्याच दहा दिवसांत शाळेतून बाईंची चिठ्ठी आली, मुंगी फळ्यावरचा 'घ' 'ध'सारखा लिहिते, नजर तपासून घ्या.

आबांनी मुंगीला दुकानातल्या उंच स्टुलावर बसवलं. उजवा डोळा सगळ्या ओळी वाचून मोकळा झाला. डाव्यानं चौथ्या ओळीवर मान टाकली. आबांनी तपासणीची जड चौकट तिच्या नाकावर ठेवली, एकामागून एक काचा घातल्या, फिरवल्या, आणि एका तिरक्या नंबरच्या काचेशी मुंगी ओरडली, "आता दिसलं!"

आणि इथे आबांना काय वाटलं, ते नंतर त्यांना स्वतःलाच सांगवेना. त्यांना आनंद झाला. साधासुधा नाही, अगदी पोटातून उकळी फुटावी तसा. तीन पिढ्या चष्म्याचं दुकान, आणि घरात आबा सोडले तर चष्मा एकाच्याही नाकावर नाही. बायको गेली तीसुद्धा शेवटपर्यंत बिनचष्म्याची. मुलाची नजर घारीची, सुनेची तशीच, आणि अक्कांचं तर विचारायलाच नको. हलवायाच्या घरात कुणी गोड खाऊ नये तसं हे आबांना वर्षानुवर्षं सलत होतं. आता नातीला नंबर निघाला होता! नातीला नंबर निघाला म्हणून हरखणारा आजोबा जगाच्या पाठीवर दुसरा नसेल.

एक छोटी लाल फ्रेम त्यांनी सहा वर्षं वेगळी काढून ठेवली होती. कुणासाठी, ते कधी बोलले नव्हते. मशीन बाजूला सारून त्यांनी काचांच्या कडा स्वतः घासल्या. मुंगीनं चष्मा घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आबा, मी तुमच्यासारखी दिसते!" आबांनी नाक शिंकरायचं निमित्त करून पाठ फिरवली. त्या सगळ्या सोहळ्यात पापणीवरची गाठ त्यांच्या नाकासमोर होती. भिंगाची गरज नव्हती, इतकी समोर.

सून परतली ती बॅग खांद्यावरून न उतरवता दुकानाच्या दारातच उभी राहिली. "हे काय?"

"नंबर निघाला," आबा म्हणाले. "डाव्याला. तिरका आहे. मी बसवला बरोबर."

"आणि गाठ?"

"गाठीचं गाठ बघेल."

"काम मात्र सुबक झालंय हं," मुलगा काचा पुसत म्हणाला. बायकोनं नुसतं पाहिलं, तसा तो काचा पुसायला आतल्या खोलीत गेला.

फितुरी झाली ती अक्कांकडून. इतके दिवस त्या भावाच्या बाजूनं, म्हणजे डॉक्टरच्या विरुद्ध होत्या. पण चष्मा पाहिल्यावर त्यांचा पारा चढला. "आपल्या घराण्यात कुणाचे डोळे बिघडलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "याचे बिघडले ते दुकानात बसून. चल गं, मी येते तुझ्याबरोबर. कुठे आहे ती डॉक्टरीण?"

डॉक्टरीण समोरच होती. तिचा पहिला चष्मा, ती नऊ वर्षांची असताना, आबांनीच केला होता. आबा मागोमाग गेले, इस्त्रीचा कोट घालून. तपासणी चालू असताना सल्ला द्यायला लागेल, अशी त्यांची समजूत होती.

डॉक्टरांनी पापणी हलकेच उलटून पाहिली. "रांजणवाडी नाही ही," त्या म्हणाल्या. "ती पापणीच्या कडेला होते, लाल होते, दुखते, आणि बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांत जाते. इथे पापणीच्या आतली तेलाची बारीक ग्रंथी तुंबलीय. दुखत नाही, म्हणून मुक्काम ठोकून बसते. कुणी दाबली नाही ना?"

"नाही, मी दाबू दिली नाही," आबा ताबडतोब म्हणाले.

"छान. मग इतके दिवस शेक कुणी दिला?"

शेक कुणीच दिला नव्हता.

"आणि हा चष्मा?" डॉक्टरांनी लाल चष्मा उजेडात धरला, मुंगीचा डोळा यंत्रात पाहिला, पुन्हा चष्मा पाहिला. "काका, नंबर तुम्ही अगदी अचूक काढलाय."

आबांची मान ताठ झाली.

"फक्त हा नंबर डोळ्याचा नाही, गाठीचा आहे. गाठ वरून बुबुळावर दाब देतेय, म्हणून डोळ्याचा आकार जरासा बदललाय. गाठ गेली की नंबरही बहुतेक जाईल. चष्मा काढून ठेवा." मग त्या सुनेकडे वळल्या. "स्वच्छ कापड, सोसेल इतकं गरम पाणी, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं. दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. मग बोटानं पापणीवरून कडेकडे अगदी हलकं चोळायचं. हात धुऊन. सूज पसरली, ताप आला किंवा दिसायला कमी झालं तर लगेच इकडे. नाहीतर महिन्यानं बघू. नाहीच गेली तर छोटीशी शस्त्रक्रिया, घाबरण्यासारखं काही नाही."

"डोळ्याला काही होणार नाही ना?" सुनेनं विचारलं.

डॉक्टर जरा थांबल्या. "या वयात एक डोळा बरेच दिवस धूसर राहिला तर मेंदू त्याच्याकडे बघेनासा होतो. इतकं झालं असेल असं मला वाटत नाही. पण लवकर आला असतात तर मी हे 'वाटत' सुद्धा म्हटलं नसतं."

रस्ता ओलांडताना सून आणि अक्का मुंगीचा हात धरून पुढे निघाल्या. आबांना कोट फार उकडत होता.

त्या दिवसापासून दुपारचे दोन शेक आबांनी मागून घेतले. दुकानात किटली आली, पांढऱ्या कापडांची चवड आली. गिऱ्हाईक ताटकळलं तरी दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. कापड मनगटावर लावून लावून आबांच्या मनगटावर लाल वळ उठला. मुंगी डोळे मिटून स्टुलावर बसायची आणि विचारायची, "आबा, माझा चष्मा परत कधी?" आबा म्हणायचे, "बघू." गाठ वाटाण्याची मोहरीएवढी झाली. पण आत डोळ्याचं काय झालं, ते तपासायची आबांची हिंमत झाली नाही. तक्ता भिंतीवर समोर होता, मुंगी स्टुलावर होती, आणि हा चव्वेचाळीस वर्षांचा तज्ज्ञ महिनाभर तक्त्याकडे पाठ करून उभा राहिला.

खण उघडायच्या त्या रविवारी साडेदहाला पाचवी चिठ्ठी लिहून झाली. यात खोटं काही नव्हतं, म्हणून ती कुणाला वाचता येऊ नये असं आबांना फार वाटलं. काचेच्या कडेला खुणा करून करून त्यांचा हात बारीक लिहिण्यात मुरलेला. टोकदार पेन्सिल घेऊन त्यांनी तक्त्याच्या सगळ्यात खालच्या ओळीहून बारीक अक्षरात चिठ्ठी उतरवली. वाचायची वेळ आली की 'अरे, अक्षर लागत नाही, राहू दे' म्हणायचं आणि हात धुवायला उठायचं. बेत ठरला. साठी उलटलेल्या माणसाचा हा बेत होता, हे लक्षात घ्यावं.

चिठ्ठी बांधायला त्यांनी लाल चष्मा ठेवला होता तो डबा उघडला. डबा रिकामा!

आबांना आधी धस्स झालं आणि लगेच, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं. चष्मा नाही तर चिठ्ठी कशाला बांधणार? चिठ्ठी नाही तर वाचणार काय? ते शीळ घालत जिना चढले.

जेवणं उरकली. मुलानं खण टेबलावर ठेवला. पहिली चिठ्ठी त्याची. "मास्तरांचा चष्मा. उजवी काच डावीकडे. केली मी," त्यानं वाचलं, आणि सवयीनं बापाकडे पाहिलं. आबा पाण्याचा तांब्या सरळ करत बसले. मागच्या बाकाचं नावसुद्धा काढलं नाही. अक्का म्हणाल्या, "आज वाघाच्या डरकाळीला काय झालं?"

"दुसरी?" सून म्हणाली. आवाज सरळ होता, पण ती वाट पाहत होती.

"त्याचं काय आहे," आबा म्हणाले, "चिठ्ठी आहे. पण चष्मा सापडत नाहीये. आणि वडिलांचा नियम असा की..."

मुंगीनं फ्रॉकच्या खिशातून लाल चष्मा काढला आणि हळूच टेबलावर ठेवला.

"मुंगे! तू घालत होतीस हा?" सुनेचा आवाज चढला. "डॉक्टरांनी नको म्हटलं होतं ना?"

"फक्त काल. जिन्यात," मुंगीचे डोळे भरून आले. "आबांनी सहा वर्षं ठेवला होता तो. कुणी घातलाच नाही तर आबांना वाईट वाटेल. पण मला नाही घालता येत आता. त्यातनं जिन्याच्या पायऱ्या वाकड्या दिसतात."

"वाकड्या?" आबा म्हणाले. "आधी दिसायच्या का गं वाकड्या?"

"नाही. आधी सरळ होत्या."

टेबलाच्या या टोकाला आबा आणि त्या टोकाला मुलगा एकदम ताठ बसले. काच डोळ्याला लागत नाही म्हणजे नंबर गेला असेल, हे दोघांच्याही ध्यानात आलं होतं, पण बोलायची छाती कुणाची होईना. उद्याच्या आधी बोलायचंच नव्हतं. आबांनी चिठ्ठी चष्म्यावर ठेवली.

मुलानं ती उचलली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली. "बाबा, हे काय मुंग्यांच्या पावलांसारखं? चाळिशी लागली वाटतं मला."

सुनेनं घेतली, खिडकीशी नेली. "चष्मा... गाठ... पुढचं नाही लागत."

"आणा इकडे," अक्का म्हणाल्या. "या घरात डोळे आहेत कुणाला?" त्यांनी चिठ्ठी हातभर लांब धरली. मग आणखी लांब. हात संपला. "उजेडच कमी आहे इथे," त्या म्हणाल्या. भर दुपारचा एक वाजला होता.

"राहू दे मग," आबा घाईनं म्हणाले. "बेत असा होता की... म्हणजे, अक्षरच लागत नाही तर..."

"मी वाचू?" मुंगीनं विचारलं.

तिनं चिठ्ठी घेतली आणि दुकानात स्टुलावर नजर तपासताना धरला होता तसा उजव्या डोळ्यावर तळवा धरला. कुणी सांगितलं नव्हतं. आबा 'नको' म्हणायला पुढे झुकले, पण उशीर झाला होता.

"मुं... गी... चा... चष्मा," मुंगी एकेक अक्षर लावत वाचू लागली. दुसरीतली पोर, वाचनच मुळी बैलगाडीच्या गतीनं. "गाठ... दिसत होती. मी... नंबर... बघितला. केली... मी."

"बास, बास. झालं," आबा म्हणाले. "पुढे काही नाही."

"आहे की! आणखी बारीक आहे." तळवा तसाच. डावा डोळा चिठ्ठीवर. "घरात... कुणाला... तरी... चष्मा... लागावा... अशी... माझी... फार... इच्छा... होती."

आबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसू लागले. काचा स्वच्छच होत्या.

"हिनं डाव्यानं वाचलं," मुलगा म्हणाला. "बाबा, खालच्या ओळीहून बारीक आहे ते. डाव्यानं वाचलं हिनं."

सून उठली. मुंगीजवळ जाईल असं सगळ्यांना वाटलं. ती आधी आबांपाशी आली आणि त्यांच्या मनगटावरच्या लाल वळावर तिनं हात ठेवला. "उद्या डॉक्टरांकडे तुम्हीच घेऊन जा हिला," ती म्हणाली. "पण बाबा, कोट नका घालू."

आबा हो म्हणाले. दोनदा म्हणाले. मग त्यांनी चिठ्ठी लाल चष्म्याला बांधली आणि चष्मा खणात ठेवला, एकोणीस वर्षांनी. खण उचलता उचलता त्यांना दिसलं की अक्का अजून आपली बोटं डोळ्यांपासून जवळ-लांब, जवळ-लांब करून बघताहेत.

"उद्या मीही येते तुमच्याबरोबर," अक्का पुटपुटल्या.

"कुठे?"

"रस्ता ओलांडून, आणखी कुठे? आधी ती बघेल. मग तू." अक्कांनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आणि लाल नको हं मला. काळी फ्रेम कर."